पिवळ्या शिरांचे कोडे : परभणीची भेंडी आणि पेशीच्या आतला शोध

वाचकहो, भेंडीची भाजी कधीच शिजत नाही असे घर आपल्या परभणी जिल्ह्यात शोधूनही सापडणार नाही. बाजारात भेंडी निवडताना आपण शेंडा मोडून तिचा कोवळेपणा पाहतो, भाव करतो आणि पिशवीत टाकतो. परंतु आपल्या शहराचे नाव लावून देशातील अनेक राज्यांच्या बियाण्यांच्या दुकानांत जी जात वर्षानुवर्षे विकली गेली, ती 'परभणी क्रांती' ही भेंडीचीच जात, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? या नावातील 'क्रांती' काय होती, ती पुढे का ओसरली आणि तिचे कोडे उलगडण्यासाठी शास्त्रज्ञांना शेताच्या बांधावरून थेट झाडाच्या जिवंत पेशीत का उतरावे लागले, याचा इतिहास आपण येथे पाहणार आहोत. विषय थोडा अवघड आहे. पण स्वयंपाकघर आणि शेत ज्याला माहीत आहे, त्याला तो परका वाटण्याचे कारण नाही.

भेंडीचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे केवडा रोग. काही भागांत त्याला हळद्याही म्हणतात. पानाच्या शिरा प्रथम पिवळ्या पडतात, शिरांची पिवळी जाळी हिरव्या पानावर उठून दिसते, मग सारे पानच पिवळे होते आणि फळे पिवळट, आखूड व निबर निघतात. लागण लवकर झाली तर अर्ध्याहून अधिक पीक हातचे जाते. पिकावर केवडा आलेला शेतकरी बाजारात माल घेऊन बसला, तरी गिऱ्हाईक त्याच्या टोपलीकडे पाहून पुढे जाते.

या रोगाची लेखी नोंद मुंबई इलाख्यात १९२४ साली कुलकर्णी यांनी केली. (आपला जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यात असल्याने इलाख्याच्या कागदपत्रांत आपल्या शेतांचा उल्लेख सापडत नाही, रोग मात्र सरहद्द पाहत नाही.) पुढे १९४० साली उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी हा रोग विषाणूमुळे होतो हे दाखवून दिले आणि पिवळ्या शिरांवरून त्याचे इंग्रजी नाव 'यलो व्हेन मोझॅक' रूढ झाले. त्यानंतरच्या दशकभरात आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. हा विषाणू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेण्याचे काम तांदळाच्या दाण्याहूनही कितीतरी लहान अशी पांढरी माशी करते. म्हणजे चोर कळला, चोराचे वाहन कळले. परंतु चोर घरात शिरल्यावर नेमके काय करतो हे कळण्यास आणखी अर्धे शतक जावे लागले.

दरम्यान शेतकऱ्याला थांबून चालणार नव्हते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतून १९६० च्या सुमारास 'पुसा सावनी' ही जात आली. सुरुवातीला ती शेतात केवड्याला बऱ्यापैकी तोंड देत असे, पण काही वर्षांत तिचाही टिकाव लागेना. आता पुढची पाळी परभणीची होती.

परभणीत शेतीसंशोधनाची परंपरा जुनी आहे. निजाम सरकारने येथे १९१८ साली प्रयोग क्षेत्र सुरू केले. १९५६ साली कृषी महाविद्यालय आले आणि १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. २०१३ पासून या विद्यापीठास वसंतराव नाईक यांचे नाव आहे. या विद्यापीठात डॉ. एन. डी. जांभळे आणि डॉ. वाय. एस. नेरकर यांनी एक वेगळी वाट धरली. लागवडीच्या भेंडीतच प्रतिकारशक्ती शोधत बसण्याऐवजी त्यांनी भेंडीच्या एका दूरच्या भाऊबंदाशी, शास्त्रात ज्याला 'अबेलमॉस्कस मॅनिहॉट' म्हणतात त्याच्याशी, 'पुसा सावनी'चा संकर केला. या भाऊबंदाला केवडा होत नाही. पण दोन वेगळ्या प्रजातींचा संकर म्हणजे दोन वेगळ्या गिरण्यांचे दाते एकमेकांत बसवण्यासारखे असते. संकरित झाडे निपजली, ती निरोगी राहिली, मात्र त्यांची प्रजननक्षमता अर्धवट होती. त्यांचा पुन्हा भेंडीशी संकर करून, पिढ्यामागून पिढ्या निवड करीत जावे लागले. भेंडीच्या पेशीत साधारण १३० गुणसूत्रे असतात आणि माणसाच्या पेशीत ४६, एवढे सांगितले म्हणजे हे काम किती किचकट होते याची कल्पना येईल.

१९८१ साली या दोघांनी आपला निष्कर्ष एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. संकराच्या पुढच्या पिढ्यांमध्ये निरोगी किती आणि रोगट किती, याची मोजदाद करून त्यांनी दाखवले की रानटी भाऊबंदाकडून येणारी ही प्रतिकारशक्ती एकाच प्रभावी जनुकावर अवलंबून आहे. १९८५ मध्ये 'परभणी क्रांती' शेतकऱ्यांच्या हाती आली. परभणीच्या ओळींत उभे राहून, वहीत आकडे मांडून, कोणत्याही महागड्या यंत्रावाचून झालेले हे काम आहे. माझ्या मते आपल्या जिल्ह्याच्या शाळांमध्ये मेंडेलचा वाटाणा शिकवताना ही भेंडीही शिकवावयास हवी.

पण गोष्ट येथे संपली नाही. वर्षे गेली तशी 'परभणी क्रांती'वरही पिवळ्या शिरा दिसू लागल्या. पुढे आलेल्या इतर प्रतिकारक जातींचेही तेच झाले. येथे मोजदादीची मर्यादा लक्षात येते. ओळीतली झाडे मोजून जनुक आहे हे कळते, एक आहे की दोन हेही कळते. ते जनुक पेशीच्या आत काय करते आणि विषाणू त्याला कसा चकवतो, हे मात्र ओळ कधीच सांगत नाही. त्यासाठी पेशीचे दार उघडावे लागते.

आता थोडे पेशीविषयी. प्रत्येक जिवंत पेशीच्या केंद्रकात डीएनए नावाचा लांबलचक धागा असतो. तलाठ्याच्या दप्तरात जसा साऱ्या गावाचा सातबारा असतो, तसा या धाग्यात साऱ्या झाडाचा हिशेब चार अक्षरांत लिहिलेला असतो. गंमत अशी की मुळाच्या पेशीतही तेच दप्तर आणि फुलाच्या पेशीतही तेच. मग मूळ मूळच का राहते आणि फूल फूलच का होते? कारण प्रत्येक ठिकाणी दप्तराची वेगवेगळी पाने उघडली जातात. पाने उघडणारे आणि मिटणारे कारकून म्हणजे काही खास प्रथिने. ती डीएनएच्या ठराविक जागी जाऊन बसतात. बसली की तेथले जनुक चालू होते किंवा बंद पडते. फ्रान्सच्या जेकब आणि मोनो यांनी १९६१ मध्ये जिवाणूंवरील प्रयोगांतून ही कल्पना मांडली आणि १९६५ चे नोबेल पारितोषिक मिळवले. १९६६ मध्ये गिल्बर्ट आणि म्युलर-हिल यांनी असे एक प्रथिन प्रत्यक्ष वेगळे करून दाखवले. वनस्पतींत हा मान प्रथम मक्याला मिळाला. मक्याच्या दाण्याला जांभळा रंग देणाऱ्या व्यवस्थेतील 'सी-वन' हे जनुक असेच कारकून-प्रथिन तयार करते, हे १९८७ साली जर्मनीतील कोलोनच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केले. त्या निबंधाच्या लेखकांत घोषाल हे भारतीय नावही आहे.

आपल्या राज्यात या विद्येचे रोप लावणाऱ्यांमध्ये ओबेद सिद्दीकी यांचे नाव आधी घ्यावे लागते. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकलेले हे तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ दिल्लीत गव्हाच्या अनुवंशशास्त्रावर काम करीत होते. एके दिवशी गारपीट झाली आणि प्रयोगाचा सारा गहू झोपला. गारपीट म्हणजे काय हे मराठवाड्याच्या माणसाला समजावून सांगावयास नको. सिद्दीकी ग्लासगोला गेले, सूक्ष्मजीवांच्या अनुवंशशास्त्राकडे वळले आणि होमी भाभांच्या बोलावण्यावरून १९६२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत प्रभाकर रांजेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वनस्पतींच्या डीएनएचा अभ्यास पुढे नेला.

असो. मूळ प्रश्नाकडे येऊ. कोणते प्रथिन डीएनएच्या कोणत्या जागी बसते, हे डोळ्यांना न दिसणारे दृश्य शास्त्रज्ञ ओळखतात तरी कसे?

पहिल्या युक्त्या परीक्षानळीतल्या होत्या. १९७८ मध्ये जिनिव्हाच्या गालास आणि श्मिट्झ यांनी 'पाऊलखुणां'ची पद्धत काढली. अंगणात एक पाट ठेवलेला आहे आणि पावसाचा शिडकावा आला असे समजा. पाट उचलला की त्याखालची जागा कोरडी दिसते. त्याचप्रमाणे डीएनएवर प्रथिन बसवायचे आणि डीएनए कापणारे विकर अगदी थोडे टाकायचे. सगळीकडे काप पडतात, पण जेथे प्रथिन बसले आहे तेवढी जागा कोरी राहते. तीच प्रथिनाची पाऊलखूण. दुसरी युक्ती १९८१ मध्ये अमेरिकेत दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच वर्षी प्रसिद्ध केली. आपल्याकडे चायना ग्रासची वडी करतात, तसा एक पारदर्शक, लवचीक थर तयार करायचा आणि विजेच्या ओढीने त्यातून डीएनएचे तुकडे पळवायचे. मोकळा तुकडा भराभर पुढे जातो. ज्याच्या अंगावर प्रथिन आहे तो डबलसीट सायकलसारखा मागे रेंगाळतो. मागे राहिलेला पट्टा दिसला की समजावे, येथे भेट झाली.

या पद्धती आजही वापरल्या जातात व त्या स्वस्तही आहेत. पण त्यांत एक गोम आहे. परीक्षानळीत आपण ज्या दोघांना एकत्र कोंडले, ते एकमेकांना चिकटले म्हणून पेशीतही चिकटतात असे नाही. लग्नाच्या मांडवात दोन माणसे शेजारी जेवायला बसली, एवढ्यावरून ती सोयरी ठरत नाहीत. शिवाय जिवंत पेशीत डीएनए उघडा पडलेला नसतो. आठ हिस्टोन प्रथिनांच्या छोट्या गाठोड्याभोवती सुमारे १४७ अक्षरांचा धागा जवळजवळ पावणेदोन वेढे घेतो, मग पुढचे गाठोडे, मग त्यापुढचे. दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखी ही रचना असते. जी जागा परीक्षानळीत मोकळी होती, ती पेशीत गाठोड्याच्या आड दडलेली असू शकते. म्हणून खरी साक्ष जिवंत पेशीचीच.

वनस्पतींच्या बाबतीत ही साक्ष मिळवण्याचा एक सुरेख प्रयोग १९८७ मध्ये अमेरिकेत फर्ल आणि निक यांनी मक्यावर केला. पावसाळ्यात काळ्या रानात पाणी साचले की मुळांचा श्वास कोंडतो, हे आपण दरवर्षी पाहतो. अशा वेळी मका आपले एक विशिष्ट जनुक चालू करतो आणि प्राणवायूवाचून काही काळ तग धरतो. या शास्त्रज्ञांनी जिवंत पेशींत सहज शिरणारे एक रसायन वापरले. ते डीएनएच्या 'जी' या अक्षरावर खूण करते. पण त्या अक्षरावर प्रथिन बसलेले असेल तर खूण उमटत नाही. प्राणवायू भरपूर असताना आणि कमी असताना अशा दोन्ही वेळच्या खुणा त्यांनी ताडून पाहिल्या. काही जागा प्राणवायू कमी झाल्यावरच व्यापल्या जातात, असे दिसून आले. अंगणातला पाट आणि शिडकावा हाच न्याय येथे होता, पण घर मात्र नांदते होते.

तथापि या पद्धतीत कोणीतरी बसले आहे एवढेच कळते. कोण बसले आहे हे कळत नाही. ते कळण्यासाठी जी पद्धत आली तिचे नाव 'क्रोमॅटिन इम्युनोप्रेसिपिटेशन', थोडक्यात 'चिप'. विद्यार्थी मित्रांनी नावाला घाबरू नये. महाविद्यालयाच्या जीवशास्त्र विभागात काचेच्या बरण्यांत बेडूक आणि साप ज्या उग्र वासाच्या द्रवात ठेवतात, ते फॉर्मॅलिन या पद्धतीचा प्राण आहे. १९८४ मध्ये गिल्मोर आणि लिस यांनी अतिनील किरणांनी प्रथिन आणि डीएनए जागच्या जागी जखडण्याची कल्पना अमलात आणली. १९८८ मध्ये सॉलोमन, लार्सन आणि वार्शाव्हस्की यांनी त्यासाठी फॉर्मॅलिनमधील फॉर्मल्डिहाइड वापरून काम सोपे केले. दोन्ही प्रयोग वनस्पतींवरचे नव्हते. झाडापर्यंत यायला ही पद्धत बराच काळ रखडली आणि त्यामागची कारणे मनोरंजक आहेत.

पान हे मुळातच पाणी आत न घेण्यासाठी घडवलेले आहे. वर मेणाचा थर, प्रत्येक पेशीला जाड भिंत आणि पेशींच्या मध्ये हवा. पान नुसते द्रवात बुडवून ठेवले तर फॉर्मल्डिहाइड आतपर्यंत पोहोचत नाही. म्हणून पाने एक टक्का फॉर्मल्डिहाइडच्या द्रावणात ठेवून पंपाने हवा ओढून घेतात. पानातली हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते. मग पंप सोडला की रिकाम्या जागेत द्रावण शिरते. पान गडद हिरवे, भिजलेल्या कापडासारखे दिसू लागते आणि तळाशी जाते. तेव्हा समजायचे की काम झाले. हे सारे दहा-पंधरा मिनिटांचे काम. फार वेळ ठेवले तर सगळेच सगळ्याला चिकटते आणि कमी ठेवले तर काहीच पकडले जात नाही. पाकाचा तार जमण्याचा क्षण ज्या गृहिणीला कळतो, तिला ही अडचण लगेच उमगेल. मग ग्लायसिन घालून क्रिया थांबवायची, पाने धुवायची आणि उणे १९६ अंश तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून खलात त्यांची पिठासारखी पूड करायची.

या क्षणी पेशी मेलेली असते हे खरे. पण मरताना तिच्या केंद्रकात जो जेथे बसला होता, तो तेथेच खिळून राहिलेला असतो. जणू भर बाजाराचे छायाचित्र. नंतर केंद्रके वेगळी काढून ध्वनिलहरींनी डीएनएचे काही शे अक्षरांचे तुकडे करतात. आता या लाखो तुकड्यांतून आपल्याला हवे ते प्रथिन ज्यांच्यावर बसले आहे तेवढेच उचलायचे. त्यासाठी प्रतिपिंड वापरतात. आपल्याला लस टोचली की शरीर त्या रोगजंतूला ओळखणारी प्रतिपिंडे तयार करते. तसेच सशाला हवे ते प्रथिन टोचून त्याच्या रक्तातून त्या प्रथिनाला नेमके ओळखणारी प्रतिपिंडे मिळवता येतात. ही प्रतिपिंडे बारीक मण्यांवर बसवून मिश्रणात फिरवली की हवे ते प्रथिन आणि त्याला जखडलेला डीएनएचा तुकडा, दोन्ही मण्यांबरोबर वर येतात. शेवटी ६५ अंश उष्णतेवर काही तास ठेवले की जखडलेली गाठ सुटते. उरलेला डीएनए वाचायचा. तो वाचला की प्रथिन कोठे बसले होते याचा पत्ता मिळतो.

२००१ साली इंग्लंडमध्ये चुआ, ब्राउन आणि ग्रे यांनी वाटाण्यावर ही पद्धत वापरून दाखवले की एक जनुक हिरव्या कोंबात काम करीत असताना त्याच्याजवळच्या हिस्टोनांवर एक खास रासायनिक खूण असते. मुळांत, जेथे ते जनुक झोपलेले असते, तेथे ती तशी आढळत नाही. २००७ नंतर मिळालेले सर्व तुकडे एकदम वाचणारी यंत्रे आली आणि एका प्रयोगात साऱ्या दप्तराची छाननी होऊ लागली. २०१७ मध्ये तर फॉर्मॅलिनशिवाय, प्रतिपिंडालाच कात्री बांधून केंद्रकात सोडणारी नवी पद्धत निघाली आणि लागणाऱ्या पेशींची संख्या खूप कमी झाली. या सगळ्या नव्या नावांची जंत्री देण्यात अर्थ नाही. एवढे मात्र सांगितले पाहिजे की प्रतिपिंड चांगले नसेल तर महागडे यंत्रही खोटी साक्ष देते. म्हणून जाणकार संशोधक प्रत्येक वेळी प्रतिपिंडाशिवायचा एक कोरा प्रयोग सोबत करतो.

पेशी न मारता पाहण्याचीही सोय आहे. एका समुद्री जेलीफिशमध्ये हिरवा प्रकाश देणारे प्रथिन असते. शिमोमुरा यांनी ते १९६२ मध्ये वेगळे केले, १९९४ मध्ये चाल्फी यांनी ते दुसऱ्या सजीवांतही चमकते हे दाखवले आणि २००८ चे नोबेल पारितोषिक या कामाला मिळाले. हा हिरवा दिवा कारकून-प्रथिनाच्या पाठीला बांधला आणि डीएनएला दुसऱ्या रंगाने रंगवले, तर दोघे एकमेकांच्या अगदी निकट, म्हणजे एका मिलिमीटरच्या एक लक्षांशाच्या आत आले की हिरव्या दिव्याची ऊर्जा दुसऱ्या रंगाकडे जाते आणि त्याची चमक लवकर विझते. ती किती लवकर विझली हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. झाडाच्या पेशीत मात्र हरितद्रव्य स्वतःच लाल चमकते आणि मोजमापात लुडबुड करते, त्यामुळे हे काम मुळाच्या किंवा सालीच्या फिकट पेशींत करणे सोपे जाते.

आता पुन्हा भेंडीच्या पिवळ्या शिरांकडे वळू. २००३ मध्ये मदुराई कामराज विद्यापीठातील जॉयस जोस आणि आर. उषा यांनी सिद्ध केले की केवडा हा एकट्या विषाणूचा उद्योग नाही. त्याच्यासोबत एक छोटा उपग्रह-डीएनए असतो आणि दोघे मिळून पिवळ्या शिरा घडवतात. विषाणूचा डीएनए म्हणजे सुमारे २,७०० अक्षरांचे एक वर्तुळ. उपग्रह त्याच्या निम्मा. एवढ्याशा दप्तरात स्वतःचा संसार चालवण्याची सामग्री मावत नाही, म्हणून तो झाडाच्या केंद्रकात शिरून झाडाचीच यंत्रे वापरतो. त्याचे स्वतःचे एक प्रथिन, 'रेप', विषाणूच्या वर्तुळावरील ठराविक जागी बसते व टी-ए-ए-टी-ए-टी-टी-ए-सी या नऊ अक्षरांत नेमका एक काप घेते. त्या कापापासून नकला सुरू होतात. या कुळातील विषाणूंचे हे प्रथिन डीएनएची विशिष्ट जागा ओळखते, हे फाँटेस, लकाव आणि हॅन्ली-बाउडॉइन यांनी १९९२ मध्ये टोमॅटोच्या एका विषाणूवर दाखवले. म्हणजे शेतात दिसणाऱ्या पिवळ्या शिरांच्या मुळाशी एक प्रथिन आणि डीएनएची एक जागा यांची भेट आहे. वाचकहो, आपण इतका वेळ ज्या पद्धती पाहिल्या, त्या परभणीच्या शेतकऱ्याच्या कामाच्या कशा, याचे उत्तर या भेटीत आहे.

कारण झाडही स्वस्थ बसत नाही. विषाणूचा डीएनए केंद्रकात आला की झाडाची हिस्टोने त्याच्याभोवती गाठोडी बांधतात, जसे ते स्वतःच्या डीएनएला बांधते. २००८ मध्ये अमेरिकेतील ओहायो येथील बिसारो यांच्या प्रयोगशाळेने मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या छोट्या झाडावर काम करून दाखवले की झाड विषाणूच्या डीएनएवर आणि त्याला बांधलेल्या हिस्टोनांवर मिथिल गटाची मोहोर उमटवते. मोहोर उमटली की ते पान बंद. ज्या झाडांत मोहोर उमटवणारी जनुके बिघडलेली होती, ती रोगाला सहज बळी पडली. संसर्गातून सावरलेल्या झाडांत मात्र विषाणूच्या डीएनएवर मोहोर दाट आढळली. विषाणूचा उलट डावही तयार असतो. २०११ मध्ये चीनमधील संशोधकांनी दाखवले की टोमॅटोच्या तशाच एका विषाणूच्या उपग्रहातले एकुलते एक प्रथिन झाडाची मोहोर उमटवण्याची शाईच अडवते. केवड्यातला उपग्रह याच जातकुळीचा आहे.

हे प्रयोग अरॅबिडॉप्सिसवर आणि तंबाखूच्या भाऊबंदांवर झाले, कारण त्यांची पेशी वागायला सोपी. भेंडीची पेशी तशी नाही. पालकांना येथे एक सांगावेसे वाटते : विज्ञान शाखेतल्या मुलाने किंवा मुलीने वनस्पतिशास्त्र घेतले की आपल्या घरांत जी हलकी नाराजी पसरते, ती अनाठायी आहे. परभणीसारख्या गावात, जेथे कृषी विद्यापीठ हाकेच्या अंतरावर आहे, तेथे हे काम परदेशातून कोणी येऊन करील अशी वाट पाहण्याचे कारण नाही. मात्र भेंडीवर 'चिप' करावयास निघालेल्या विद्यार्थ्याची पहिली गाठ विषाणूशी पडणार नाही, ती भेंडीच्या चिकटपणाशी पडेल. पान खलात घातले की तारा सुटतात, डीएनए त्या बुळबुळीत शर्करेत अडकतो आणि पुढची विकरे काम करेनाशी होतात. घरी आपण हा चिकटपणा लिंबू पिळून किंवा दही घालून मोडतो. प्रयोगशाळेत त्यावर सीटीएबी नावाचा साबणासारखा पदार्थ आणि भरपूर मीठ वापरून डीएनए वेगळा काढतात. 'चिप'मध्ये मात्र तेही आधी घालून चालत नाही, कारण तो साबण प्रथिनाचाच आकार मोडतो. म्हणून केंद्रके थंडगार द्रावणात पुन्हा पुन्हा धुऊन बुळबुळ काढावी लागते आणि गाठ सुटल्यावर, अगदी शेवटी, मिठाची पाळी येते. त्यासाठी कोवळे, नुकतेच उलगडलेले पान घ्यावे, कारण कोवळ्या पानात पेशी दाटीवाटीने असतात आणि त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या जून पानापेक्षा डीएनए अधिक मिळतो.